शिष्याकडून पराजय

मार्गदर्शक या नात्याने अनेक प्रबंधांवर मी सही केली आहे. परंतु त्या पानांत आपले म्हणण्यासारखे नेमके काय असते, याचे उत्तर मला अद्याप नीटसे सापडलेले नाही. हा प्रश्न मनात आला की सिरिल गिमार या फ्रेंच सायकलसंघचालकाची कारकीर्द मला आठवते.

१९७२ च्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये गिमार स्वतः स्पर्धक होता. चार टप्पे जिंकून तो दुसऱ्या स्थानावर होता. पण पॅरिस दोन दिवसांवर आले असता गुडघ्यांच्या वेदनांनी त्याला स्पर्धा सोडणे भाग पडले. १९७६ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, तो संघचालक झाला. त्याचा प्रमुख स्वार लुसिएन व्हान इम्प त्याच्याहून तीन महिन्यांनी मोठा होता. घाट चढण्यात निष्णात, पण अंतिम विजयासाठी धोका पत्करण्यास कचरणारा. पिरेनीज पर्वतातील सेंट-लारीच्या टप्प्यात गिमारने त्याला शेवटच्या चढाच्या पुष्कळ आधीच पुढे निसटण्यास फर्मावले. व्हान इम्पने ते नाखुशीने मानले, आणि टूर जिंकली. पुढे ती त्याला पुन्हा कधीही जिंकता आली नाही.

संघचालक मोटारीतून मागोमाग जातो. अंतराचा, वाऱ्याचा, प्रतिस्पर्ध्याच्या थकव्याचा हिशेब तो करतो. पाय मात्र दुसऱ्याचे असतात. गिमारच्या हाताखाली बर्नार इनोने चार आणि लॉराँ फिन्योंने दोन वेळा टूर जिंकली. १९७६ ते १९८४ या नऊ वर्षांत एकंदर सात विजय. १९८० मध्ये आघाडीवर असलेल्या इनोने गुडघ्याच्या दुखण्यामुळे पो गावी रात्री स्पर्धा सोडली, तेव्हा गिमारला स्वतःचे गुडघे आठवले नसतील, असे मला वाटत नाही. पुढे हाच इनो मतभेद होऊन त्याला सोडून गेला.

१९८९ ची अखेरची शर्यत तर विलक्षणच होती. गिमारच्या संघातील फिन्यों पन्नास सेकंदांनी पुढे होता. साडेचोवीस किलोमीटर उरले होते. प्रतिस्पर्धी ग्रेग लेमंड; १९८१ मध्ये गिमारनेच त्याला व्यावसायिक शर्यतींत आणले होते. वाऱ्याचा विरोध कमी करणाऱ्या नव्या हँडलवर पुढे झुकून लेमंडने ती टूर आठ सेकंदांनी जिंकली. सायकलस्वाराला वारा कसा अडवतो याचा अभ्यास ज्या गिमारने इतरांच्या आधी केला होता, त्याच्याच एका शिष्याने दुसऱ्याला असे हरवले.

शिष्याकडून पराजयाची इच्छा धरावी, असे आपले सुभाषितकार सांगतात. गेल्या हिवाळ्यात एका चर्चासत्रात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने माझ्याच प्रबंधातील मुख्य प्रतिपादन पुराव्यानिशी खोडून काढले. पुरावे तपासण्याची पद्धत मी शिकवलेलीच होती. मी मनापासून टाळ्या वाजवल्या, आणि त्या रात्री मला झोप आली नाही. इच्छा धरणे आणि पराजय सोसणे यांत अंतर असते. ते आठ सेकंदांचे असले, तरी लहान नसते.