बाजू आतड्याची

आंबा घाटाकडून आलेल्या पावसाने मलकापुरात ठाण मांडले, की एखाद्या घरातून कणीच्या पेजेचा वास येतो आणि आत कुणाचे तरी पोट बिघडल्याचे कळते. त्या वासाने माझ्या मनात दरवेळी लहान आतडे येते. पचनाचे श्रेय आपण जठराला देऊन टाकले आहे. भूक त्याची, अग्नी त्याचा, जळजळही त्याचीच. मला हा अन्याय वाटतो. जठर अन्न घुसळते, आम्लात भिजवते, प्रथिने तोडायला घेते आणि थोडे थोडे पुढे सोडते. खाल्लेले रक्तात पोचवण्याचे काम मात्र जवळजवळ सगळे त्या सहा-एक मीटरच्या नळीचे. खाल्ले-प्यालेले आणि शरीराने स्वतः पाझरवलेले मिळून रोज आठ-नऊ लिटर द्रव तिच्यात उतरतो. त्यातला बहुतेक ती शोषून घेते, उरलेले मोठे आतडे आटवते.

जठराची बाजू घेणारे म्हणतील, आम्ल नसते तर जंतूंना मोकळे रान मिळाले असते, आणि जठरातल्या एका प्रथिनाशिवाय बी-१२ जीवनसत्त्व नीट मिळत नाही. दोन्ही खरे. पण ते बी-१२ शोषले जाते लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच. १८९७ साली झुरिकमध्ये कार्ल श्लाटर यांनी एका स्त्रीचे सबंध जठर काढले, तरी ती वर्षाहून अधिक जगली. आज असे रुग्ण थोडेथोडे खाऊन आणि बी-१२ची इंजेक्शने घेऊन वर्षानुवर्षे जगतात. लहान आतडे जवळजवळ सगळे गेले, तर बहुधा शिरेतूनच पोषण द्यावे लागते.

या नळीचे मोठेपण आजारात दिसते. पटकीचे विष आतड्याच्या पेशींतून लिटरच्या लिटर पाणी बाहेर काढते. पण ग्लुकोज आणि मीठ मिळून आत जाण्याची वाट तशीच शाबूत राहते, आणि त्यांच्यामागून पाणीही जाते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या साथीत सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच वाटेवर भरवसा ठेवला. मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचे पाणी रुग्णांच्या नातेवाइकांनीच पाजले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. मीठ घातलेली पेज त्याच वाटेने जाते. तिच्यातल्या पिष्टाचे ग्लुकोज आतड्यातच सावकाश सुटत राहते. तांदळाच्या पिठाचे क्षारद्रावण पटकीत उपयोगी पडते, हे पुढे प्रयोगांनीही दाखवले.

यावरून जुने ते सगळे शहाणे, असे मात्र ठरत नाही. जुलाब होणाऱ्या पोराचे पाणी तोडण्याची रीतही घराघरांतलीच, आणि तिने जीव घेतले आहेत. आईच्या दुधावरच्या बाळाचे दूध चालूच ठेवायचे. पोर मलूल पडले, डोळे खोल गेले, तर वेळ न दवडता दवाखाना गाठायचा. पण सहा महिन्यांच्या पुढे, दात येणाऱ्या वयापासून दात गेलेल्या वयापर्यंत, आजारात आतड्याला कामाला लावणे हाच बहुतेकदा उपचार असतो. बनगावात नातेवाइकांना ते जमले, कारण त्यांच्या हाती साधे प्रमाण आणि विश्वास दिला गेला. शाळेच्या वहीत आपण मुलांकडून पचनसंस्थेची आकृती काढून घेतो, तिच्याच शेजारी हे प्रमाणही शिकवावे: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ.