बांधावरची वाट

आमच्याकडं ट्रेक हा शब्द येऊन फार वर्षं झाली नाहीत. त्याआधीही माणसं डोंगरात चालायचीच, पण त्या चालण्याला नाव नव्हतं. नाव असायचं वाटेला. गाडीबैल जातात ती पाणंद. नदीकडं उतरते ती डोहाची वाट. दोन कड्यांच्या बेचक्यातून घसरत खाली जाते ती नळी. जिथं पायाबरोबर हातही लावावे लागतात ती निसणीची वाट. आणि लादलेला बैल घेऊन उतरता येतं तो घाट. कोण कुठल्या वाटेनं गेलं एवढं सांगितलं, की घरातल्या बाईला कळायचं, गडी जेवायला येतो का मुक्कामाला राहतो.

आमचा मुलूख जुन्नरच्या पश्चिमेचा, कुकडीच्या खोऱ्यातला. पुर गावात कुकडेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे, नदीचा उगम त्याच भागातला. आमच्याइथं ती ओढ्याएवढीच असते. पुढं जुन्नरवरून जाते, खाली पारनेर तालुक्यात निघोजला तिनं खडकात ते प्रसिद्ध रांजणखळगे कोरलेत, मग घोडला मिळते आणि घोड भीमेला. आमच्या अंगणातून चावंड दिसतो. थोडं पश्चिमेला गेलं की जीवधन, पलीकडं हडसर. शिवनेरी जुन्नरला, शिवाजी महाराजांचा जन्म तिथला, १९ फेब्रुवारी १६३० चा. बाहेरची माणसं विचारतात, तुम्ही इतिहासात राहता, कसं वाटतं? आता काय सांगायचं. आम्ही भात लावतो. किल्ल्याकडं बघून पाऊस किती लांब आहे ते ठरवतो. चावंडच्या माथ्यावर ढग टेकला की वाळत घातलेलं उचलायचं.

माझी शाळा नदीकाठानं होती. चौथीनंतर रोज दीड तास जायला, दीड तास यायला. वाट कुकडीला धरून जायची. जांभळं, करंजं, उंबर यांची सावली होती, एका ठिकाणी पाण्यात ओळीनं धोंडे मांडलेले होते, त्यावरून पलीकडं उड्या मारत जायचं. पावसाळ्यात धोंडे बुडाले की तीच वाट वर माळाला चढायची. म्हणजे वाटेला दोन अंगं होती, उन्हाळ्याचं आणि पावसाळ्याचं. खेकडे कुठल्या दगडाखाली असतात, विहिरीवर कुठली म्हातारी पाणी देते आणि कुठली शिव्या देते, हे सगळं पाठ. दहावीपर्यंतचं माझं शिक्षण झालं त्यातलं निम्मं या वाटेवर झालं असं मी म्हणतो, मास्तरांना वाईट वाटू नये.

ती वाट माणिकडोह धरणात गेली. १९८४ च्या सुमाराला धरण पुरं झालं. वाटेबरोबर आमचा नदीकाठचा चांगला काळ्या मातीचा तुकडाही गेला. पाणी कुकडी प्रकल्पाचं, पुणे, नगर, सोलापूर तिन्ही जिल्ह्यांत जातं. खालच्यांचा ऊस उभा आहे तो त्याच पाण्यावर, त्यांच्यावर माझा राग नाही. पण जमिनीचा मोबदला कागदावर मांडला जातो, वाटेचा मांडत नाहीत. वाट कुणाच्या सातबाऱ्यावर नसते. दोन वाड्यांतलं अर्ध्या तासाचं अंतर पाण्यानं फिरून चार तासांचं झालं आणि सोयरिकी कमी झाल्या, हे कुठल्या तक्त्यात लिहिणार?

अजून मे महिन्यात पाणी तळाला गेलं की ती वर येते. चिखल वाळून भेगाळलेला असतो, झाडांचे काळे बुंधे असतात, आणि त्यातून एक घट्ट पांढुरकी रेघ दिसते. इतकी वर्षं पाण्याखाली राहूनही ती मोडली नाही. एवढी माणसं त्यावरून चालली होती. मी दरवर्षी एकदा तिच्यावरून चालून येतो. एका वर्षी थोरल्या नातवाला नेलं. तो म्हणाला, “आजोबा, इथं तर काहीच नाही.” बरोबर होतं त्याचं.

डोंगरावरच्या वाटांचं मात्र वेगळं आहे. त्या मुद्दाम मारल्या गेल्या तरी जगल्या. १८१८ साली इंग्रजांनी आमच्याकडचे किल्ले घेतले तेव्हा जीवधन-चावंडच्या पायऱ्या फोडून काढल्या. वाट मोडली की किल्ला मेला, हे त्या लोकांना बरोबर ठाऊक होतं. पण वर जीवाई आहे, चावंडवर चामुंडा आहे. नवरात्रात नारळ घेऊन माणूस जाणारच. पायरी नाही तर खोबणीत बोटं घालून जाणार. गुरामागची पोरं तर सदाच वर. म्हणून दोनशे वर्षं झाली तरी त्या वाटा उघड्या आहेत, आणि आज शहरातली मुलं दोर लावून चढतात ती त्याच खोबण्यांतून. चावंडला आता रेलिंग लावलंय, सोय झाली.

सगळ्यांत मोठी वाट नाणेघाटाची. ती मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा अकरा वर्षांचा असेन. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांना बैल घ्यायचा होता आणि बैलाचा बाजार म्हणजे म्हसा. घाटाखाली मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. गुरांचा मोठा बाजार, शिवाय घोंगड्या. आमच्याकडची माणसं पिढ्यान् पिढ्या त्या यात्रेला घाट उतरून जात. नेताना तांदूळ न्यायचा, येताना मीठ, सुकट आणि जमलं तर जनावर.

पहाटे चांदण्यात निघालो. घाटाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी कडे जवळ येतात, मधून गल्लीसारखी वाट. थंडीचा वारा खालून वर येत होता. दादांनी एकच गोष्ट शिकवली, “उतरताना पाऊल आडवं टाक. आनि खाली कोकानाकडं बघत बसू नको, म्होरच्या दगडाकडं बघ.” दगड गुळगुळीत झालेले, पायतळाला साबणासारखे लागत होते. आमच्या पुढं एक बाई डोक्यावर तांदळाची पाटी घेऊन बोलत बोलत उतरत होती, तिनं एकदाही खाली पाहिलं नाही.

येताना तांबडा बैल होता. खालच्या सपाटीत वाढलेलं जनावर, त्यानं असा चढ कधी बघितला नव्हता. अर्ध्या घाटात उभाच राहिला. दादांनी काठी उगारली नाही. पाठीवरचं घोंगडं काढून त्याच्या अंगावर टाकलं आणि आम्ही दोघं दगडावर बसलो. तासभर गेला असेल. मागून आलेली माणसं विचारायची, “काय, बसला काय?” दादा म्हणायचे, “बसला न्हाई, ईचार करतोय.” मग तो आपणहून उठल्यासारखा चालू लागला. वर लेण्यापाशी टाकी आहेत खडकात खोदलेली, त्यातलं पाणी डब्यानं काढून त्याच्यापुढं धरलं. पाच डबे प्याला. दादा टाक्याच्या काठावर हात ठेवून म्हणाले, “हे ज्यानं खोदलं ना, त्याच्याबी दावणीला बैल असणार.”

त्या लेण्यात काय लिहिलंय ते मला फार पुढं कळलं. भिंतींवर ब्राह्मी लेख आहे, सातवाहनांच्या नागनिका राणीचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा. केलेले यज्ञ आणि दिलेली दानं त्यात मांडलीत. इतक्या गाई, इतके घोडे, इतके कार्षापण. आपल्याकडचे फार जुने आकडे त्या भिंतीवर आहेत असं जाणकार सांगतात. समोरच्या भिंतीला राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. पुतळे फुटून गेले, वर कोरलेली नावं राहिली आणि खाली पायांच्या खुणा. कल्याण-सोपाऱ्याचा माल याच घाटानं चढून जुन्नरला यायचा आणि पुढं पैठणला. घाटमाथ्याला दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकायचे म्हणतात. त्या रांजणापाशी आता फोटो काढायला रांग लागते. मला मात्र तिथं गेलं की गाईंचा आकडा आठवतो आणि वाटतं, एवढ्या गाई हिंडल्या तर गवताचं काय केलं असेल. शेतकऱ्याचं डोकं, दुसरं काय येणार त्यात.

आता येतो माझ्या बांधाकडं, कारण हे सगळं त्याच्यापायी लिहायला घेतलं.

वरच्या वाडीतून खाली डांबरी रस्त्याला येणारी पायवाट आमच्या भातखाचरांच्या बांधावरून जाते. पूर्वी वाडीतली माणसंच काय ती जायची. गेल्या दहा-बारा वर्षांत नाणेघाटाला पावसाळ्यात गर्दी व्हायला लागली. वाऱ्यानं धबधब्याचं पाणी उलटं वर फेकलं जातं, ते बघायला येतात. त्यातले काही चालणारे किल्ल्यांकडं वळतात आणि त्यांच्या मोबाइलात आमच्या बांधाची वाट दिसते. चांगली पोरंही असतात. चहा मागतात, पैसे देतात, वाडीतल्या दोन मुलांना वाटाडे म्हणून काम मिळतं. पण ऐन लावणीत चाळीस बूट ओल्या बांधावरून गेले की बांध बसतो, खाचरातलं पाणी निघून जातं. एका वर्षी तर बाटली फोडून गेले कोणी. लावणी करताना माझ्या धाकट्या भावजयीच्या टाचेत काच गेली, चार टाके पडले, तिची सगळी लावणी बुडाली.

मुलगा तापला. म्हणाला, “बाबा, आता तार. आपल्या मालकीचं रान आहे, सगळं बंद.” त्याची चूक नव्हती. लावणी तोच करतो, मी नुसता बांधावर उभा असतो.

मी तलाठ्याकडं जाऊन गावचा नकाशा बघितला. नकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेघेनं दाखवतात आणि पायवाट एकेरी. आमच्या गटातून ती एकेरी रेघ बारीक का होईना, पण जाते. वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदाराकडं दाद मागता येते, १९०६ सालचा मामलेदार कोर्टाचा कायदा आहे. हे मी मुलाला सांगितलं, पण ते काही माझं खरं कारण नव्हतं. वाडीतली माणसं कोर्टात जाणारी नव्हेतच. ती मुकाट्यानं लांबून फिरून गेली असती आणि पाच वर्षांत आमच्या घराशी त्यांचं येणं-जाणं तुटलं असतं. धरणानं हे एकदा करून दाखवलंय. तेव्हा आमच्या हातात काही नव्हतं, आता होतं.

दोन रात्री आमचं बोलणं झालं. बोलणं म्हणजे भांडणच. सूनबाईनं शेवटी तोडगा काढला. तार घालायची, पण वाटेच्या दोन्ही अंगांना. मधे वाट तशीच ठेवायची आणि बांधावर दगड बसवून ती पक्की करायची, म्हणजे बूट चिखलात उतरणार नाहीत. खर्च दुप्पट झाला. दगड नदीकडून ट्रॅक्टरनं आणले, तीन खेपा. मे महिना होता, पाणी खाली गेलेलं, आमच्या बुडालेल्या तुकड्याच्या कडेचेच दगड होते ते. मुलानं पत्र्यावर पाटी रंगवली: वाट चालू आहे, दगडावरूनच चाला, बाटली परत न्या.

वरच्या टोकाला, गुरं शिरू नयेत म्हणून दोन खांबांत एका माणसापुरती फट ठेवली होती. दुसऱ्याच दिवशी वाडीतली म्हातारी मावशी सरपणाचा भारा घेऊन आली आणि तिथं अडकली. भारा डोक्यावर आडवा, फट उभ्या माणसाची. ती मागं सरली, वाकडी झाली, पुन्हा आली. मुलगा धावत गेला, “मावशी, द्या इकडं, मी धरतो.”

“आज तू धरशील रं,” ती म्हणाली, “उद्या कोन धरंल?”

तिनं डोक्यावरचा भारा न उतरवताच त्याला दोन हात पसरून माप दाखवलं. संध्याकाळी त्यानं पहार घेतली, डावीकडचा खांब उपटला आणि दोन हात बाजूला नेऊन पुन्हा पुरला.