गुंजीची थंडी आणि आत्याच्या १४ कोंबड्या

बेळगावहून लोंढ्याकडे जाणारी गाडी खानापूर सोडते, मलप्रभा मागे पडते आणि मग झाडी दाट होऊ लागते. या वाटेवर लोंढ्याच्या अलीकडचं छोटं स्टेशन म्हणजे गुंजी. एक्स्प्रेसमधल्या बऱ्याच प्रवाशांना ते येऊन गेल्याचंही कळत नाही. पंचक्रोशीत मात्र गुंजी म्हटलं की माउली देवीचं नाव आधी निघतं. कौलारू घरं, भाताची खाचरं, परसात काजू-फणस आणि सह्याद्रीचं रान असं हे गाव आहे. कर्नाटकात असलं तरी घराघरात बोलली जाते ती मराठीच.

माझी आत्या इथे एकटी राहते. वय ७२. एक मुलगा पुण्याला, एक मडगावला. गेल्या दिवाळीनंतर तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि दोघांनी एकच धोशा लावला, "आई, थंडीच्या आधी त्या कोंबड्या विकून टाक." आत्या म्हणाली, "कोंबड्या विकून मी सकाळी उठू कशाला?" मुलांना काळजी होती आणि आत्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. शेवटी तोडगा निघाला तो असा, की मी बेंगळुरूहून लॅपटॉप घेऊन ५ आठवडे गुंजीला राहायचं. कोंबड्या नीट राहिल्या तर राहतील, नाहीतर संक्रांतीनंतर विकायच्या.

इथली थंडी काही बर्फाची नव्हे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १२-१४ अंशांवर येतो. पण रानाजवळ असल्यामुळे धुकं आणि दव भरपूर. सकाळी अंगणातली डालगी भिजलेली, कौलांवरून थेंब ठिबकताहेत, असं दृश्य. मी पहिल्याच दिवशी विचारलं, खुराड्यात रात्री मोठा बल्ब लावू का? आत्या हसली. "थंडीनं न्हाई मरत रे कोंबडी, वलीनं मरते."

तिचं म्हणणं शास्त्राला धरूनच आहे. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास. थंडी वाजली की ती पिसं फुलवते. पिसांमध्ये हवा अडकते आणि तीच तिची गोधडी होते. आडव्या दांडीवर बसली की पायाची बोटंही पोटाखालच्या पिसांत झाकली जातात. पण श्वासातून आणि विष्ठेतून रात्रभर ओल निघत असते. खुराडं गच्च बंद केलं तर ती ओल आत कोंडते, विष्ठेचा अमोनिया साचतो आणि मग सर्दी, घरघर सुरू होते. म्हणून वाऱ्याच्या बाजूला आम्ही पोती लावली, पण वर वीतभर फट मोकळी ठेवली. खाली भाताचं तूस अंथरलं. ओलं झालेलं तूस रोज सकाळी काढायचं आणि कोरडं टाकायचं. संध्याकाळी कणी थोडी जास्त, कारण भरल्या पोटी रात्र उबेत जाते. दाराला बारीक जाळी मुंगूस आणि उदमांजरासाठी.

अंडी मात्र घटली. १४ पैकी ११ माद्या, आणि कधी कधी दिवसाला दोनच अंडी. लोक दोष थंडीला देतात, पण त्यात उजेडाचाही वाटा मोठा असतो. चांगली अंडी द्यायला कोंबडीला साधारण १४ तासांचा उजेड मानवतो. आपल्याकडे जूनमध्ये दिवस १३ तासांचा, तर डिसेंबरात जेमतेम ११ तासांचा. त्यातच जुनी पिसं झडून नवी येण्याचा काळ असला तर शरीर सगळी ताकद तिकडे लावतं. आत्या म्हणते, "वर्षभर बाई राबते, तिला दोन महिनं सुट्टी नको?"

खरी भीती होती ती मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची. उत्तराखंडातल्या राणीखेत गावाचं नाव या रोगाला चिकटलं आहे. हिरवट हगवण, धापा, मग मान पिळवटते. एकदा लागला की अख्खी आळी रिकामी होते आणि त्यावर औषध नाही. उपाय एकच, लस आधी टोचणं. मोठ्या कोंबड्यांच्या लशीच्या एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात. कुपी कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. एका घराच्या १४ कोंबड्यांसाठी ती उघडणं म्हणजे बाकीची फुकट घालवणं.

म्हणून मी पोहोचल्याच्या आठवड्यातच आत्यानं आळीत निरोप धाडला. एका संध्याकाळी, कोंबड्या डालल्यावर, सहा घरची पाखरं आमच्या पडवीत आली. लस बर्फ घातलेल्या थर्मासात. कुपीवरच्या सूचना शेजारच्या सातवीतल्या मुलीनं वाचून दाखवल्या आणि कन्नडमध्ये कोंबडीला 'कोळी' आणि अंड्याला 'तत्ती' म्हणतात हेही मला शिकवलं. पशुवैद्यकीय दवाखान्यातून आलेले काका कन्नडमधून बोलत होते, आत्या मराठीतून उत्तरं देत होती. कुणाचं काही अडलं नाही. दीड तासात ७० पाखरं टोचून झाली.

जानेवारीत पलीकडच्या वाडीत कोंबड्या मरू लागल्याची बातमी आली. आत्यानं फर्मान काढलं: बाहेरची कोंबडी आत नाही, पाहुण्यांच्या चपला फाटकाबाहेर, आणि बाजारातून नवं पिल्लूसुद्धा नाही. ते आठ दिवस मी रोज पहाटे आधी कोंबड्या मोजायचो, मग चहा. त्याच वेळी रानातून राखी रानकोंबड्याचा आवाज यायचा. २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की पाळीव कोंबड्यांचे मुख्य पूर्वज लाल रानकोंबडे असले, तरी पिवळ्या कातडीचं जनुक त्यांच्यात आलं ते या राखी भावंडाकडून. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे माहेरच्यांनी हाक मारल्यागत."

संक्रांतीला मोजल्या तेव्हा १३ होत्या. एक तलंग भर दुपारी घारीनं उचलली. रोगानं एकही गेली नाही. आत्याचा डोळाही छान सुधारला.

दोघे भाऊ सणाला आले होते. तिळगूळ खाताना विकण्याचा विषय कुणीच काढला नाही. थोरल्यानं कॅलेंडर घेतलं आणि पुढच्या हिवाळ्याचे आठवडे वाटून टाकले: दोन त्याचे, दोन धाकट्याचे, दोन माझे. लसीची संध्याकाळ नोव्हेंबरातच ठरवायची, हेही लिहिलं. तोवर एक कोंबडी खुडूक बसली होती. आत्यानं तिच्याखाली ११ अंडी ठेवली, २१ दिवस मोजले आणि ९ पिल्लं निघाली. फोनवर तिनं मला फक्त एवढंच विचारलं, "पिल्लांची लस कितव्या दिवशी रे?"