पोटात गोळा

नववीच्या वर्गाला मी वाक्प्रचार शिकवायचे. पोटावरचे वाक्प्रचार सांगा म्हटलं की मुलं थांबतच नसत. पोटात गोळा येणे, पोटात कालवणे, पोटात कावळे ओरडणे, पोटात माया असणे... एकदा एका मुलाने विचारलं, "बाई, सगळं पोटातच का होतं?" मी पडले मराठीची बी. ए.! निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली, तेव्हा थोडं उत्तर हाती लागलं.

मेंदूच्या तळापासून व्हेगस नावाची नस निघते. मान, छाती असा प्रवास करत ती जठरापर्यंत आणि पुढे आतड्यांपर्यंत जाते. फोडणीचा वास आला की घास तोंडात जायच्या आधीच जठरात पाचकरस सुटू लागतो, तो हिच्याच निरोपावरून. रशियाच्या पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हे दाखवलं. पचनावरच्या कामासाठी त्यांना १९०४ चं नोबेल मिळालं. अन्न आलं की जठर सैल होऊन त्याला जागा देतं, मग मिनिटाला साधारण तीन लाटांनी ते घुसळतं. गंमत म्हणजे या नसेतले जवळजवळ ८० टक्के तंतू पोटाचे निरोप वर मेंदूकडे नेतात. म्हणजे हुकूम कमी, खबरबात जास्त!

भीती वाटली की मात्र मेंदू जठराला 'थांब' म्हणतो. रक्त हातापायांकडे वळतं, जठर मंदावतं आणि मोठं आतडं उलट घाई करतं. पेपरच्या आधी संडासकडे पळणारी मुलं आम्ही शिक्षकांनी काय कमी पाहिलीत?

हे मी स्वतःही अनुभवलंय. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, त्यातला एक इथे मीरा रोडजवळ. माझा मुलगा रोज चर्चगेटहून भाईंदरला लोकलनेच यायचा. फोन लागेना. शेजारणीने बळेच दोन घास खायला लावले, ते छातीखाली दगडासारखे बसून राहिले. रात्री अकराला तो दारात उभा राहिला आणि पंधरा मिनिटांत मला कडकडून भूक लागली. आमच्या इमारतीत काही घरं अजून वाट पाहत होती. त्या भुकेची मला लाज वाटली, पण पोट काही विचारून वागत नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे माझी नात. यंदा दहावीला आहे. शाळेत जायच्या वेळी तिचं पोट दुखतं. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. वजन घटणं, रक्त पडणं, दुखण्याने रात्री जाग येणं, असलंही काही नाही. झालं, नातेवाइकांनी लगेच निकाल लावला: "नाटकं करते."

मंडळी, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कळ खोटी ठरत नाही. मनावरचा ताण त्याच नसांवाटे पोटात उतरतो आणि पोटातली कळ त्याच वाटेने वर जाते. तिला दुखतं म्हणजे दुखतं.

आम्ही घरात एक नियम केलाय. जेवताना अभ्यासाचा विषय काढायचा नाही. दुखणं पूर्ण थांबलं असं नाही, पण पोरगी दोन घास जास्त खाते. तेव्हा दिवाळीत आमच्याकडे याल, तेव्हा पानावर बसलेल्या तिला टक्केवारी विचारू नका, एवढीच विनंती.