सिन्ना, पण ‘तो’ नव्हे

आमच्या ऑफिसात माझ्या नावा-आडनावाचे आम्ही तिघं आहोत. मेलच्या पत्त्यात फक्त १, २, ३ चा फरक. त्यामुळे दुसऱ्याच्या मीटिंगची आमंत्रणं मला येणं वगैरे नेहमीचंच. पण गेल्या मंगळवारी एचआरचा मेल आला, ‘शुक्रवार तुमचा शेवटचा दिवस.’ वीस मिनिटं डोळ्यांपुढे फक्त घराचा हप्ता नाचत होता. मग खालचा एम्प्लॉयी नंबर पाहिला. माझा नव्हता. हुश्श!

त्या रात्री मला बिचारा सिन्ना आठवला.

इ.स.पू. ४४. पंधरा मार्चला रोममध्ये ज्युलियस सीझरचा खून झाला. सिन्ना नावाचा एक बडा अधिकारी सीझरविरुद्ध जाहीरपणे बोलला, म्हणून लोक त्याच्यावर खवळलेले. दुसरा हेल्वियस सिन्ना, हा मात्र सीझरचा दोस्त. प्लूटार्क त्याला कवी म्हणतो. एका काव्यावर या माणसाने नऊ वर्षं घालवली होती! अंगात ताप असूनही तो मित्राला निरोप द्यायला गेला. गर्दीत कुणीतरी विचारलं, हा कोण? उत्तर आलं, सिन्ना. झालं! जमावाने त्याला ठार मारलं आणि डोकं भाल्यावर मिरवलं.

नाव ही प्रायमरी की होऊ शकत नाही, हे आपण कॉलेजात शिकतो. रोमनांकडे तर नावांचा दुष्काळच. पुरुषांची पहिली नावं नेहमीच्या वापरात जेमतेम दीड डझन, आणि बायकांना बापाच्या कुळाचंच नाव. सीझरची आत्या ज्युलिया, दोन्ही बहिणी ज्युलिया, मुलगीही ज्युलिया!

सिन्नाचं झालेलं पाहून गायस कास्का नावाचा ट्रिब्यून हादरला. कारण सीझरच्या मारेकऱ्यांतही एक कास्का होता. मग याने जाहीर नोटीसच काढली, की आमच्यात नावापलीकडे काहीही सारखं नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो होतो. आता हसू येत नाही. कारण मंगळवारी मीही तेच केलं. ‘तो मी नाही, नंबर २ आहे’ असा रिप्लाय ठोकला आणि निवांत चहाला गेलो.

शुक्रवारी नंबर २ आपला मग आणि मुलीचा फोटो खोक्यात भरत होता. तोवर मी त्याच्याशी एकदाही बोललो नव्हतो. गेटपर्यंत खोकं धरायला गेलो. सिक्युरिटीवाल्याने रजिस्टर पुढे केलं आणि विचारलं, “नाव?”

आम्ही दोघंही एकदमच बोललो.