घरच्यांसाठी छापलेले युद्ध

उल्हासनगर वसले ते लष्कराच्या जागेवर. दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याण कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला आणि 1949 मध्ये वस्तीला नवे नाव मिळाले. पत्ता सांगताना लोक अजून कॅम्पचाच नंबर सांगतात. पुढे अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी, आणि तिथून लोकलने शिरगाव-बदलापूर काही मिनिटांवर. फौजेशी इतकी सलगी असलेल्या या पट्ट्यातही एखाद्या साध्या शिपायाच्या छापील आठवणी हाती लागणे कठीण.

शिपाई लिहितो ते बहुधा निवृत्तीनंतर, नातवंडांसाठी. छपाईचा खर्च पदरचा, प्रती मोजक्या, विक्री नाहीच. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवायची असते, पण घरगुती पुस्तकाच्या बाबतीत हे सहसा कोणाच्या ध्यानीही येत नाही. पिढी बदलली की पुस्तक रद्दीत जाते.

संग्राहकांना ओढ लागते ती अशाच पुस्तकांची. पहिल्या महायुद्धात अरब बंडात लढलेला ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स याने आपल्या आठवणींचे 'सेव्हन पिलर्स ऑफ विझडम' 1922 मध्ये ऑक्सफर्डच्या एका वृत्तपत्राच्या छापखान्यात छापून घेतले, अवघ्या आठ प्रती. टंकलेखनापेक्षा ते स्वस्त पडत होते! 1926 मध्ये वर्गणीदारांसाठी सुमारे 200 प्रती निघाल्या, किंमत 30 गिनी. एका प्रतीची बांधणी दुसरीसारखी नसावी, हा त्याचा हट्ट. या हौसेपायी तो कर्जात बुडाला. 1927 मध्ये तो हवाई दलात कनिष्ठ पदावर कराचीत होता. सर्वांसाठीची संपूर्ण आवृत्ती निघाली ती त्याच्या मृत्यूनंतर, 1935 मध्ये.

लॉरेन्सचे नाव मोठे, म्हणून प्रती जपल्या गेल्या. नरिमान करकारिया या पारशी शिपायाने पहिल्या महायुद्धाच्या आठवणी 1922 मध्ये मुंबईत गुजरातीतून प्रसिद्ध केल्या. चीन आणि सायबेरियामार्गे लंडन गाठून तो ब्रिटिश फौजेत भरती झाला, फ्रान्समध्ये सोमच्या रणात लढला, पुढे बाल्कन आघाडीवरही गेला. असे पुस्तक विस्मरणात गेले! शंभर वर्षांनी, 2022 मध्ये, मुरली रंगनाथन यांच्या इंग्रजी अनुवादामुळे ते पुन्हा वाचकांपुढे आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील सुभेदार सीताराम पांडे यांच्या आठवणींचे नशीब याहून वाईट. नॉर्गेट या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1873 मध्ये लाहोरला छापलेला इंग्रजी अनुवाद टिकला, मूळ लेखन हरवले. त्यामुळे ते खरेच सीताराम यांचे का, हा वाद अभ्यासकांत अजून चालू आहे.

मूळ प्रतीचे मोल इथे कळते. छापखान्याच्या चुका लेखकाने शाईने सुधारलेल्या, पहिल्या पानावर भाच्याचे किंवा पुतणीचे नाव, खाली थरथरती सही. सेनापतींच्या चरित्रांत मोहिमांचे नकाशे मिळतात. शिधा उशिरा आला त्या रात्री पलटणीने काय केले, हे शिपाईच लिहितो, आणि इतिहासाला त्याचीही तितकीच गरज आहे.

दुर्मीळ मराठी ग्रंथांसाठी श्याम जोशी यांनी बदलापुरातच 'ग्रंथसखा' हे ग्रंथालय उभे केले. आपल्या माळ्यावर आजोबांचे असे पातळ पुस्तक असेल, तर रद्दीवाला येण्याआधी एक प्रत अशा ग्रंथालयात पोचवा. सोबत त्यांची पलटण, भरतीचे साल आणि गाव एका कागदावर लिहून द्या.