मजरूह

उर्दूत भावना दुखावल्या की जज्बात ‘मजरूह’ होतात. मजरूह म्हणजे जखमी. हा शब्द वर्गात शिकवताना मला हमखास शाहबानो आठवतात.

इंदूरच्या शाहबानो. निकाह १९३२ साली, घराबाहेर काढले १९७५ साली, तलाक १९७८ साली. दंडाधिकाऱ्याने महिना २५ रुपये पोटगी ठरवली, उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. एप्रिल १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि मोर्चे निघाले. ‘कौमच्या जज्बात’साठी पुढच्याच वर्षी संसदेने नवा कायदा केला.

आपल्या लोकांची भीती खोटी होती, असे मी म्हणणार नाही. निकालात समान नागरी कायद्याचा विषय निघाला होता, भिवंडीची दंगल आदल्याच वर्षीची. ती भीती संसदेने मोजली, ठीक. पण त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर दाराबाहेर उभ्या राहिलेल्या बाईचे दुःख? तेही जज्बातच ना? ते कौमच्या खात्यात का धरले गेले नाही?

“त्यांनी स्वतःच नंतर निकाल नाकारला की!” असे आजही ऐकवले जाते. नाकारला, पत्राखाली अंगठा उठवून. त्या अंगठ्यात श्रद्धा किती आणि आजूबाजूचे दडपण किती, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते.

२००१मध्ये त्याच कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालय म्हणाले, इद्दतनंतरच्या आयुष्याची तरतूदही नवऱ्यानेच इद्दतीच्या आत करायची. याचिका डॅनियल लतिफींची, म्हणजे शाहबानोंच्याच वकिलांची. शाहबानो १९९२मध्येच गेल्या होत्या.